विन्ट्रिस प्रकरण : आइसलंडचे लोक नेमके कशावर चिडले?

१५ मार्च २०१६ रोजी आइसलंडचे पंतप्रधान सिग्मुंदूर दाविद गुन्नलौग्सन यांच्या पत्नीने फेसबुकवर एक निवेदन टाकले. परदेशात आपली एक कंपनी आहे, घरच्या धंद्यातल्या वाट्याचा पैसा तिच्यात ठेवला आहे आणि त्यावरचा सगळा कर आपण आइसलंडमध्ये भरत आलो आहोत, असे त्यात लिहिले होते. विन्ट्रिस हे त्या कंपनीचे नाव लवकरच घरोघरी पोचले. वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, विरोधकांनी संसदेत प्रश्न विचारले, सरकार पक्षाने ही खासगी बाब असल्याचे सांगितले. रस्त्यावर मात्र कोणी आले नाही.

बरोबर वीस दिवसांनी, ४ एप्रिलच्या संध्याकाळी, त्याच कंपनीवरून रेक्याविकमध्ये संसदेसमोरचा आउस्तुरवोत्लुर चौक माणसांनी भरून वाहिला. आयोजकांच्या मते लोक २२ हजारांच्या आसपास होते, पोलिसांचा अंदाज त्याहून कमी होता. तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण ३ लाख ३० हजार होती. आयोजकांचा आकडा धरला तर पंधरा माणसांमागे एक माणूस चौकात होता. २०११च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला हेच प्रमाण लावले तर ७५ लाख लोक होतील. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान पायउतार झाले.

विन्ट्रिसचा तपशील पनामा पेपर्समध्ये, म्हणजे पनामाच्या एका वकिली कंपनीतून फुटलेल्या कागदपत्रांत होता. पनामा पेपर्सची चर्चा बहुतेक वेळा आकड्यांपासून सुरू होते : १ कोटी १५ लाख कागदपत्रे, २.६ टेराबाइट माहिती, २ लाखांहून अधिक कागदी कंपन्या, ७०हून अधिक देशांतले सुमारे ३७० पत्रकार. आकडे खरे आहेत आणि ते काम मोठेच होते. पण आकड्यांनी लोक घराबाहेर पडत नाहीत. आइसलंडचे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यासाठी की तिथे मूळ गोष्ट आधीच उघड झालेली होती आणि तरी वीस दिवस चौक रिकामा होता. त्या वीस दिवसांत काय बदलले, हे पाहिले की लोकक्षोभ कशाने पेटतो आणि कुठे जाऊन थांबतो, हे दोन्ही कळते.

आधीची आठ वर्षे

ऑक्टोबर २००८मध्ये ग्लितनिर, लांड्सबांकी आणि काउप्थिंग या आइसलंडच्या तीन मोठ्या बँका एकाच आठवड्यात कोसळल्या. या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट झालेला होता, त्यामुळे त्यांना वाचवणे सरकारच्या आवाक्याबाहेर होते. क्रोना या आइसलंडच्या चलनाची किंमत घसरली. ज्यांनी परकी चलनात घरकर्ज घेतले होते, त्यांच्या डोक्यावरची रक्कम बघता बघता दुपटीकडे गेली. ज्यांचे कर्ज महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले होते, त्यांचे मुद्दल हप्ते भरूनही वाढत राहिले. जानेवारी २००९मध्ये लोक भांडी-पळ्या वाजवत याच आउस्तुरवोत्लुर चौकात उभे राहिले आणि गेइर हार्दे यांचे सरकार गेले.

त्याआधीच, नोव्हेंबर २००८मध्ये, चलनावर निर्बंध आले होते. पैसा देशाबाहेर नेता येईना. परदेशी जायचे तर बँकेत तिकीट दाखवायचे, मग ठरलेल्या मर्यादेत परकी चलन मिळायचे. हे निर्बंध काही महिन्यांसाठी म्हणून आले आणि मार्च २०१७पर्यंत टिकले. पनामा पेपर्स फुटले तेव्हा सामान्य आइसलंडकराला आपली बचत परदेशात हलवण्याची मुभा नव्हती. हा संदर्भ सोडला तर ४ एप्रिलची संध्याकाळ समजतच नाही.

याच काळात सिग्मुंदूर दाविद गुन्नलौग्सन पुढे आले. (आइसलंडमध्ये पंतप्रधानांनाही पहिल्याच नावाने ओळखतात, म्हणून पुढे सिग्मुंदूर.) लांड्सबांकीच्या आइससेव्ह खात्यांत बुडालेले ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे आइसलंडच्या करदात्यांनी का भरावेत, या वादात ते ठामपणे विरोधात उभे राहिले. जानेवारी २००९मध्ये ते प्रोग्रेसिव्ह पक्षाचे अध्यक्ष झाले, एप्रिलमध्ये खासदार झाले. २०१३च्या निवडणुकीत त्यांचे मुख्य वचन होते : बुडालेल्या बँकांच्या परकी धनकोंकडून पैसा वसूल करू आणि त्यातून घरकर्जदारांना दिलासा देऊ. त्या धनकोंसाठी प्रचारात ‘गिधाडे’ हा शब्द सर्रास वापरला जात होता. पक्षाला २४ टक्के मते आणि १९ जागा मिळाल्या आणि ३८व्या वर्षी सिग्मुंदूर पंतप्रधान झाले.

विन्ट्रिसमध्ये काय होते

ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेली ही कंपनी २००७मध्ये लांड्सबांकीच्या लक्झेंबर्ग शाखेमार्फत, मोसॅक फोन्सेका या पनामाच्या वकिली कंपनीकडून घेतलेली होती. सिग्मुंदूर आणि त्यांची भावी पत्नी यांची त्यात निम्मी-निम्मी मालकी होती. पत्नीच्या घरचा मोटारविक्रीचा मोठा धंदा विकला गेला होता, त्यातला तिचा वाटा या कंपनीत ठेवला होता.

एप्रिल २००९मध्ये सिग्मुंदूर खासदार झाले. खासदारांनी हितसंबंध जाहीर करायचे असतात, त्यांनी विन्ट्रिस जाहीर केली नाही. ३१ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी आपला निम्मा हिस्सा पत्नीला एका डॉलरला विकला. कमी कराच्या देशांतल्या अशा कंपन्यांचे उत्पन्न मालकाच्या उत्पन्नात धरून कर लावणारा आइसलंडचा नवा कायदा दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला. सिग्मुंदूर यांचे म्हणणे असे की पैसा पहिल्यापासून पत्नीचाच होता, संयुक्त मालकीची नोंद ही बँकेची चूक होती आणि लग्नाआधी ती दुरुस्त केली. त्या तारखेचा योगायोग अनेकांना पचला नाही. मलाही पचत नाही, पण त्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही हेही लिहून ठेवले पाहिजे.

खरा घाव वेगळ्याच नोंदीत होता. विन्ट्रिसकडे त्या तिन्ही बुडीत बँकांचे रोखे होते आणि बँका कोसळल्यावर विन्ट्रिसने आपला दावा नोंदवला होता. दाव्याची रक्कम ५० कोटी क्रोनांहून अधिक होती, त्या वेळच्या दराने सुमारे ४० लाख डॉलर. म्हणजे पंतप्रधान ज्या धनकोंशी देशाच्या वतीने लढत होते, त्या धनकोंच्या यादीत त्यांची पत्नी होती. जून २०१५मध्ये सरकारने बँकांच्या धनकोंपुढे पर्याय ठेवला : स्वेच्छेने ठरावीक रक्कम राज्याला द्या, नाहीतर ३९ टक्के कर भरा. या वाटाघाटींत किती सोडायचे आणि किती घ्यायचे, हे ठरवणाऱ्या सरकारच्या प्रमुखाच्या घरातच त्याचे उत्तर पैशांत मोजले जाणार होते.

त्यांच्या समर्थकांचा यावर एक मुद्दा होता आणि तो फुसका नव्हता. सिग्मुंदूर धनकोंशी मऊ वागले असे कोणी दाखवलेले नाही. उलट कठोर भूमिकेने पत्नीचेच नुकसान होणार होते आणि तरी त्यांनी ती घेतली, मग लबाडी कुठे? पण ज्याचे नुकसान किंवा फायदा होणार आहे, त्याने आपले माप आपणच कसे ठरवायचे? भूमिका कठोर होती की मऊ, याचा निवाडा करण्यासाठी मतदाराला मुळात माहिती हवी होती. २०१३ला मत देताना ती नव्हती, २०१५ला योजना जाहीर झाली तेव्हाही नव्हती. कागद फुटणार हे कळल्यावरच ती मिळाली. करापेक्षा हे लपवणे मला अधिक गंभीर वाटते आणि चौकातल्या लोकांनाही बहुधा तसेच वाटले असावे.

११ मार्चची मुलाखत

योहानेस क्रिस्त्यानसन या आइसलंडच्या पत्रकाराकडे फुटलेल्या कागदांतला आइसलंडचा भाग होता. सुमारे ६०० आइसलंडकर आणि ८००च्या आसपास कंपन्या, एवढ्या लहान देशासाठी थक्क करणारी संख्या. देश इतका छोटा आणि ओळखी इतक्या दाट की ही बातमी कुणाला सांगायची सोय नव्हती. कित्येक महिने ते घरातून, जवळजवळ एकट्याने काम करत राहिले. पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा तर स्वीडिश टीव्हीच्या स्वेन बेर्गमान यांची मदत घ्यायची, असे ठरले. मुलाखतीचा विषय सांगितला गेला तो आइसलंड आर्थिक संकटातून कसे सावरले हा.

११ मार्च २०१६. बेर्गमान यांनी आधी विचारले की जे लोक कर टाळतात त्यांच्याविषयी आइसलंडमध्ये काय भावना आहे. आमच्या समाजात प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा असतो, जो उचलत नाही त्याने समाजाला फसवले असे मानले जाते, अशा अर्थाचे उत्तर सिग्मुंदूर यांनी दिले. मग प्रश्न आला : तुमचा स्वतःचा अशा एखाद्या परदेशी कंपनीशी कधी संबंध होता का? ते नाही म्हणाले, मग कामगार संघटनांचे, इतर कंपन्यांचे संबंध सांगू लागले, अडखळले. विन्ट्रिस हे नाव उच्चारले गेले. योहानेस पुढे येऊन बसले आणि आइसलंडीत विचारू लागले. पंतप्रधान उठले आणि निघून गेले.

चार दिवसांनी पत्नीचे फेसबुक निवेदन आले ते या पार्श्वभूमीवर. बातमी आपल्या शब्दांत आधी सांगून टाकायची, म्हणजे नंतर धार राहणार नाही, असा हिशेब त्यामागे असावा. दोन-अडीच आठवडे तो हिशेब बरोबर ठरला.

३ एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी आइसलंडच्या सार्वजनिक टीव्हीवर ‘कास्त्ल्योस’ कार्यक्रमात ती मुलाखत दाखवली गेली. कंपनी, दावा, पैसा वडिलोपार्जित असणे, यातले बहुतेक लोकांना ठाऊक होते. नवीन होते ते सरळ प्रश्नाला आलेले ‘नाही’ आणि त्यानंतरचा पंतप्रधानांचा चेहरा. हिशेबाचे कागद वाचून ज्यांना मत बनवता आले नव्हते, त्यांनी एका मिनिटात मत बनवले. तिकीट दाखवून चलन घेणाऱ्या माणसाने आपल्या पंतप्रधानांना खोटे बोलताना पाहिले आणि तेही एका परदेशी पत्रकारासमोर. आइसलंडकरांच्या तेव्हाच्या बोलण्यात लाज हा शब्द रागाइतकाच येत होता, जगात आपली काय शोभा झाली याची लाज. २००८नंतर मोठ्या कष्टाने सावरलेली पत पुन्हा गेली, अशी ती भावना होती.

मुलाखत सापळा लावून घेतली, ही तक्रार सिग्मुंदूर यांनी पुढे अनेकदा केली. विषय वेगळा सांगितला होता हे खरे आहे. पण प्रश्न एका वाक्याचा होता आणि खरे उत्तरही एका वाक्याचे होते. त्यासाठी कुठलीही पूर्वतयारी लागत नव्हती.

चौक आणि अध्यक्षांचे निवासस्थान

सोमवारी, ४ एप्रिलला, दिवसभर राजीनाम्याच्या मागणीच्या ऑनलाइन पत्रकावर सह्या वाढत राहिल्या, आकडा २५ हजारांच्या पुढे गेला. विरोधकांनी अविश्वास ठराव दिला. पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितले की राजीनाम्याचा प्रश्नच नाही. संध्याकाळी पाच वाजता आउस्तुरवोत्लुर भरू लागला. ढोल होते, भांडी होती. संसदेच्या दगडी भिंतीवर अंडी आणि स्कीर, म्हणजे तिथले चक्क्यासारखे घट्ट दही, फेकले गेले. कित्येकांच्या हातात केळी होती, आमचा देश बनाना रिपब्लिक झाला आहे हे सांगायला. पिळवणूक झालेल्या कुठल्या एका गटाचा हा मोर्चा नव्हता. नोकरदार होते, म्हातारी माणसे होती, लहान मुलांना घेऊन आलेले आईबाप होते.

मंगळवारी घडले ते या प्रकरणातले सर्वांत नाट्यमय होते. सिग्मुंदूर सकाळी अध्यक्षांच्या बेस्सास्तादिर निवासस्थानी गेले आणि गरज पडल्यास संसद बरखास्त करण्याची परवानगी त्यांनी मागितली. अध्यक्ष ओलाफूर राग्नार ग्रिम्सन यांनी ती दिली नाही आणि लगेच पत्रकारांना बोलावून तसे सांगून टाकले. इतर पक्षांशी बोलल्याशिवाय मी असे काही करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. बाहेर निदर्शने, आघाडीतला इंडिपेंडन्स पक्ष मौन बाळगून आणि अध्यक्षांचा जाहीर नकार. दुपारपर्यंत प्रोग्रेसिव्ह पक्षाने जाहीर केले की सिग्मुंदूर बाजूला होतील आणि उपाध्यक्ष सिगुर्दूर इंगी योहानसन पंतप्रधान होतील.

त्याच रात्री परदेशी पत्रकारांना एक निवेदन गेले : पंतप्रधानांनी राजीनामा दिलेला नाही, उपाध्यक्षांनी काही अनिश्चित काळासाठी पदभार घ्यावा असे फक्त सुचवले आहे. हे वाचून लोक आणखी चिडले. ७ एप्रिलला सिगुर्दूर इंगी यांनी शपथ घेतली. तेच दोन पक्ष, तेच ३८ खासदार. ८ एप्रिलला अविश्वास ठराव ३८ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. लोकांच्या हाती दोनच गोष्टी लागल्या : एक माणूस गेला आणि २०१७च्या वसंतात व्हायची ती निवडणूक २०१६च्या शरद ऋतूतच घेण्याचे आश्वासन मिळाले. ती पुढे २९ ऑक्टोबरला झाली.

ज्यांच्यावर कॅमेरा नव्हता

फुटलेल्या कागदांत आणखी दोन मंत्र्यांची नावे होती. त्यांतले एक, अर्थमंत्री आणि इंडिपेंडन्स पक्षाचे अध्यक्ष ब्यार्नी बेनेदिक्तसन यांचा सेशेल्समध्ये नोंदलेल्या फाल्सन या कंपनीत हिस्सा होता. दुबईतल्या मालमत्तेसाठी ती घेतली होती आणि पुढे गुंडाळली. फेब्रुवारी २०१५मध्ये टीव्हीवर त्यांना विचारले गेले होते की करस्वर्गांत, म्हणजे नाममात्र कर असलेल्या देशांत, तुमची काही मत्ता आहे किंवा होती का, तेव्हा त्यांनीही नाही असेच सांगितले होते. कंपनी लक्झेंबर्गची आहे असा आपला समज होता, हा त्यांचा खुलासा. रक्कम लहान, व्यवहार जुना, बुडीत बँकांचा दावा नाही, म्हणून दोन प्रकरणे सारखी नाहीत हे मान्य. तरीही चुकीच्या उत्तराबद्दल एकाचे पद गेले आणि दुसऱ्याला फारशी झळ बसली नाही. ब्यार्नी यांच्या पाठीशी देशातला सर्वांत मुरलेला पक्ष होता आणि उठून चालते होण्याचे त्यांचे दृश्य कुणाकडे नव्हते.

अध्यक्ष ओलाफूर राग्नार यांनी या अस्थिरतेचे कारण देऊन १८ एप्रिलला पुन्हा उभे राहण्याची घोषणा केली. मग त्यांच्या पत्नीच्या कुटुंबाच्या परदेशी कंपन्यांची बातमी आली आणि ९ मे रोजी त्यांनी माघार घेतली. जूनमध्ये ग्वुदनी योहानेसन हे इतिहासाचे प्राध्यापक अध्यक्षपदी निवडून आले. एप्रिलच्या त्या धामधुमीत टीव्हीवर बसून घटनेतल्या तरतुदी समजावून सांगणारे म्हणून लोक त्यांना ओळखू लागले होते.

ऑक्टोबरच्या निवडणुकीत प्रोग्रेसिव्ह पक्ष १९ जागांवरून ८ वर आला. विरोधातल्या पायरेट पक्षाला एप्रिलमधल्या एका पाहणीत ४३ टक्क्यांचा कौल होता, प्रत्यक्षात साडेचौदा टक्के मते आणि १० जागा मिळाल्या. इंडिपेंडन्स पक्षाच्या जागा वाढून २१ झाल्या. मतदान ७९ टक्के झाले, प्रजासत्ताकाच्या इतिहासात तोवरचे नीचांकी. मधल्या सहा महिन्यांत पर्यटनाची कमाई वाढत होती, बेरोजगारी कमी होती. चौकात आलेल्या हजारोंपैकी किती जण मतदान केंद्रावर आले नाहीत, हा प्रश्न मला या प्रकरणात सर्वांत जास्त छळतो. जानेवारी २०१७मध्ये ब्यार्नी पंतप्रधान झाले.

त्यांच्या शपथविधीच्या काही दिवस आधी अर्थखात्याने एक अहवाल प्रसिद्ध केला. आइसलंडकरांची परदेशी करस्वर्गांतली मत्ता किती, याचा अंदाज त्यात होता : ३५० ते ८१० अब्ज क्रोना. अहवाल निवडणुकीआधीच तयार होता आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्यार्नी यांच्यापुढे ठेवलाही गेला होता. ज्या निवडणुकीचे कारणच पनामा पेपर्स होते, तिच्यात मत देणाऱ्यांना तो वाचायला मिळाला नाही. ब्यार्नी यांनी वेळेबाबतच्या आपल्या विधानांबद्दल दिलगिरी व्यक्त केली. यावर आउस्तुरवोत्लुरमध्ये मोठी गर्दी झाली नाही. आकडा विन्ट्रिसपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, पण त्याला चेहरा नव्हता.

भारताचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहावा. पनामा पेपर्समध्ये सुमारे ५०० भारतीयांची नावे आली, सरकारने ४ एप्रिललाच अनेक तपास यंत्रणांचा एकत्रित गट नेमला. ऑक्टोबर २०२१पर्यंत पनामा आणि पॅरेडाइज (परदेशी कंपन्यांच्या कागदपत्रांची नंतर झालेली तशीच दुसरी फूट) या दोन्ही प्रकरणांत मिळून ९३० संबंधितांच्या २०,३५३ कोटी रुपयांच्या अघोषित रकमा सापडल्याचे संसदेत सांगितले गेले, वसूल झालेला कर सुमारे १५४ कोटी. आपल्याकडे काही दिवस नावांची चर्चा झाली आणि विरली. तपास मात्र वर्षानुवर्षे चालू राहिला. आइसलंडच्या करतपास संचालनालयानेही गर्दीची वाट पाहिली नव्हती. २०१५मध्येच, म्हणजे बातमी फुटण्याच्या आधी, त्यांनी एका अनामिक विक्रेत्याकडून मोसॅक फोन्सेकाचा आइसलंडविषयीचा माहितीसाठा ३ कोटी ७० लाख क्रोना देऊन विकत घेतला होता. कर बुडवणाऱ्यांविरुद्ध चोरीची माहिती सरकारने विकत घ्यावी का, यावर तेव्हा वाद झाला. माझ्या मते तो पैसा सत्कारणी लागला, कारण चौकातला राग एका माणसापाशी थांबला तरी बाकीच्या नावांची चौकशी त्यामुळे होऊ शकली.

सिग्मुंदूर ऑक्टोबर २०१६मध्ये पक्षाध्यक्षपदाची निवडणूक सिगुर्दूर इंगी यांच्याकडून हरले. पुढच्या वर्षी त्यांनी मिद्फ्लोक्कुरिन, म्हणजे मध्य पक्ष, हा स्वतःचा पक्ष काढला आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत जवळजवळ ११ टक्के मते मिळवली. २०२१मध्ये पक्षाचे तीनच खासदार आले. नोव्हेंबर २०२४मध्ये आठ आले, मते १२ टक्के. विन्ट्रिस प्रकरणात आपल्यावर अन्याय झाला, हे ते आजही सांगतात, आणि त्यांना मत देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते पटते.